आईबाबांना फ्रेंच जेवणाला न्यायचे आहे : शाकाहार, मेन्यू आणि बिल यांविषयी विचारणा

चाफेकळी :

नमस्कार. पुढच्या महिन्यात माझ्या आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षे पूर्ण होत आहेत. घरातले आजवरचे सगळे समारंभ डेक्कनच्या आसपासच्या थाळीच्या ठिकाणीच साजरे झाले आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही नाही. पण या वेळी माझ्या नवऱ्याने कोरेगाव पार्कातल्या एका फ्रेंच रेस्तराँचे नाव काढले आणि एरवी बाहेर जेवायचे म्हटले की आधी पार्किंगची चौकशी करणाऱ्या बाबांनी चक्क लगेच होकार दिला. कारण नंतर कळले. तरुणपणी, नोकरीत उपयोगी पडेल म्हणून, ते रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळच्या वर्गाला जाऊन फ्रेंच शिकले होते. नोकरीत त्या फ्रेंचचा कधीच उपयोग झाला नाही. आता निदान मेन्यू तरी वाचता येईल, अशी त्यांना आशा आहे.

आई काटेकोर शाकाहारी आहे, अंडेही खात नाही, आणि वाढदिवसाच्या केकालासुद्धा विचारल्याशिवाय हात लावत नाही. बाबांना अंडे चालते, परंतु त्यांना मधुमेह आहे आणि रात्रीचे जेवण आठच्या आत सुरू झाले नाही तर त्रास होतो. मी आणि नवरा सर्व काही खातो. गेल्या रविवारी आम्ही दोघे मुद्दाम त्या बाजूला जाऊन दाराशी लावलेला मेन्यू वाचून आलो. शाकाहारी पदार्थांपुढे हिरवा ठिपका होता, पण तेवढ्यावर विसंबावे का हे समजेना. मुख्य पदार्थांच्या किमती साडेआठशे ते दोन हजारांच्या दरम्यान होत्या आणि अगदी तळाशी, चष्मा लावूनच वाचता येईल अशा अक्षरांत, दहा टक्के सेवा शुल्क आकारले जाईल असे म्हटले होते.

पदार्थ कोणत्या क्रमाने मागवायचे, चौघांत वाटून खाल्लेले चालते का, आईला काय मागवता येईल, आणि ताटलीत एवढेसे वाढून आणतात असे जे सगळे सांगतात ते खरे असेल तर घरी येऊन पुन्हा कुकर लावावा लागेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आईला तिथे अवघडल्यासारखे होऊ नये, ही माझी मुख्य काळजी आहे.


मुदपाक :

हॉटेल मॅनेजमेंटचे शिक्षण घेऊन मी अकरा वर्षे हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत काढली आहेत, म्हणून आईंच्या जेवणापुरते सविस्तर लिहितो.

नुसत्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. ठिपका लावणारा लबाड असतो असे मी म्हणत नाही, पण फ्रेंच स्वयंपाकाची घडणच अशी आहे की मांस डोळ्यांना दिसत नाही तिथेही ते असू शकते. सगळ्याच्या मुळाशी स्टॉक असतो. कोंबडीची किंवा जनावराची हाडे, गाजर, कांदा, सेलरी, तमालपत्र आणि थाइम मोठ्या पातेल्यात घालून तासन्‌तास मंद आचेवर ठेवतात, वर येणारा फेस पळीने काढत राहतात, आणि गाळून ठेवलेले ते पाणी मग दिवसभर ज्याला लागेल तो डावाने घेत राहतो. सूप त्यात, सॉस त्यात, कधी भातही त्यातच शिजतो. आपल्याकडे पुरणाची डाळ शिजली की वरचे पाणी कटाच्या आमटीसाठी राखून ठेवतात ना, तसाच हा राखून ठेवलेला अर्क समजा. कट नसेल तर कटाची आमटी होत नाही, आणि स्टॉक नसेल तर निम्मा फ्रेंच मेन्यू होत नाही.

याचा फटका माझ्याच घरात बसला आहे. काही वर्षांपूर्वी सासूबाईंना एका ठिकाणी (नाव घेत नाही) कांद्याचे सूप मागवून दिले. शाकाहारी आहे का, असे मी वेटरला विचारले आणि त्याने प्रामाणिकपणे हो म्हटले, कारण त्याच्या दृष्टीने सुपात कांदा, पाव आणि चीज यांखेरीज काहीच नव्हते. दोन चमच्यांनंतर मीच चव घेतली आणि कोंबडीचा स्टॉक ओळखला. सासूबाईंनी आरडाओरडा केला नाही, फक्त चमचा खाली ठेवला आणि त्या रात्री दुसरे काहीच खाल्ले नाही. धंद्यातला माणूस असून मी चुकीचा प्रश्न विचारला होता.

त्यामुळे शाकाहारी आहे का, असे मोघम विचारण्याऐवजी चार गोष्टींची नावे घ्या. पहिली मांसाचा स्टॉक. दुसरी जिलेटिन, जे जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून होते आणि थंड गोड पदार्थांत घट्टपणासाठी घातले जाते. तिसरी रेनेट : काँते, रोकफोर यांसारखी पारंपरिक चीज करताना दूध विरजायला वासराच्या जठरातले रेनेट वापरतात, त्यामुळे आयात केलेल्या चीजविषयी विचारणे भाग आहे; हिरवा ठिपका असलेल्या भारतीय चीजमध्ये ते नसते. चौथे अंडे, आणि हेच सर्वांत फसवे. क्रेम ब्रूले आणि क्रेम कॅरामेल म्हणजे अंड्याशिवाय काही नाहीच, पण ऑलांदेझ सॉस, मेयोनेझ, ब्रिओश पाव, कीश, प्रॉफितरोलचे आवरण या सगळ्यांतही अंडे असते. बेशामेल सॉस मात्र लोण्यात परतलेला मैदा आणि दूध यांचा असतो, तो आईंना चालेल. वाइन घातलेले पदार्थ चालतात का, हेही घरीच ठरवून जा. शिजवताना मद्यार्क पूर्ण उडून जातो हा समज खरा नाही, थोडा अंश राहतोच.

आईंसाठी रातातुई उत्तम. वांगी, झुकिनी, ढोबळी मिरची आणि टोमॅटो ऑलिव्ह तेलात शिजवलेला हा नीस शहराकडचा पदार्थ मुळातच शाकाहारी आहे. त्याच्या जोडीला ग्रातँ दोफिन्वा, म्हणजे बटाट्याच्या पातळ चकत्या दूध-सायीत भाजून केलेला पदार्थ, मागवा म्हणजे पोट भरेल. ब्रेतान्य प्रांताकडचे गालेत मेन्यूवर असेल तर तेही विचारून पाहा. ते कुट्टूच्या पिठाचे असते, पीठ-पाणी-मीठ एवढ्यावरही होते, मात्र काही जण पिठात अंडे फोडतात.

आणि हे सगळे तिथे टेबलावर बसून विचारू नका. आदल्या दिवशी दुपारी चार ते सहाच्या दरम्यान फोन करा. दुपारचे जेवण आटोपलेले असते, रात्रीची गडबड सुरू झालेली नसते, आणि शेफ तुमच्याशी दोन मिनिटे बोलू शकतो. भाज्यांचा स्टॉक पाऊण तासात होतो, पण रात्री साडेआठला टेबले भरलेली असताना तो कोणीही तुमच्यासाठी चढवणार नाही.


क्रियापद :

मी फ्रेंच शिकवते, त्यामुळे आपल्या बाबांविषयी वाचून फार बरे वाटले. मेन्यूतील भाषेपुरते थोडे सांगते.

फ्रान्समध्ये आपण ज्याला मेन्यू म्हणतो त्याला कार्त म्हणतात, आणि मेन्यू म्हणजे ठरावीक किमतीत ठरावीक दोन-तीन पदार्थांचा संच. पुण्यात बहुतेक ठिकाणी दोन्हीला मेन्यूच म्हणतात, परंतु असा संच उपलब्ध आहे का, हे अवश्य विचारावे, कारण सुटे पदार्थ मागवण्यापेक्षा तो सहसा स्वस्त पडतो. दुसरा घोटाळा आँत्रे या शब्दाचा. फ्रेंचमध्ये आँत्रे म्हणजे सुरुवातीचा लहान पदार्थ, आणि अमेरिकेत तोच शब्द मुख्य पदार्थासाठी वापरतात. आपल्याकडची मेन्यूकार्डे कधी या देशाचा तर कधी त्या देशाचा अर्थ घेतात, त्यामुळे शेजारची किंमत पाहून अर्थ लावावा. आरंभी एक घास मावेल एवढी काहीतरी गोष्ट न मागता आली तर ती आम्यूझ-बूश असते आणि तिचे पैसे लावत नाहीत. आईंची अट मात्र तिलाही लागू आहे, हे फोनवर सांगून ठेवावे.

उच्चारांचे दडपण बाबांनी अजिबात घेऊ नये. शब्दाच्या शेवटची व्यंजने बहुतेक वेळा गिळायची आणि अनुनासिके नाकातून काढायची, एवढे केले तरी पुष्कळ काम होते.

क्रमाविषयी आपण विचारले आहे. आधी आँत्रे, मग प्ला म्हणजे मुख्य पदार्थ, मग फ्रान्समध्ये चीज, मग गोड, आणि कॉफी गोडाबरोबर नव्हे तर गोड संपल्यावर. हे ऐकून आपल्याकडच्या लोकांना वाटते की ही काहीतरी अवघड शिस्त आहे. मला तसे वाटत नाही. आपल्या पंगतीत मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी-आमटी उजवीकडे हे ठरलेले असते, वरणभातापासून सुरुवात आणि ताकभाताने शेवट हेही ठरलेले असते, आणि मसालेभाताच्या आधी कोणी मठ्ठा-भात मागितला तर वाढणाराही थबकतो. फरक एवढाच आहे की आपल्याकडे पान भरलेले असते आणि कशाबरोबर काय खायचे हे खाणारा ठरवतो, तर फ्रेंच जेवणात एका वेळी एकच ताटली समोर येते. गंमत म्हणजे फ्रेंचांची जुनी पद्धत आपल्यासारखीच होती : सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडायचे आणि ज्याला जे हवे ते त्याने घ्यायचे. एकामागून एक पदार्थ आणण्याची रीत एकोणिसाव्या शतकात रशियाकडून आली आणि तिला आजही रशियन पद्धतच म्हणतात. २०१० साली युनेस्कोने फ्रेंचांच्या सणासमारंभाच्या जेवणाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले तेव्हा पदार्थांच्या बरोबरीने हा क्रम, टेबलाची मांडणी आणि एकत्र बसणे यांचाही त्यात समावेश होता.

काटे-चमचे पुष्कळ मांडलेले असले तर बाहेरच्या बाजूचे आधी वापरत आत यावे. पाव सुरीने कापत नाहीत, हाताने तोडतात. आपल्याला ते वेगळे शिकवायला नकोच. ताटलीत उरलेला सॉस पावाच्या तुकड्याने पुसून खाण्यासाठी फ्रेंचमध्ये सोसे असे स्वतंत्र क्रियापद आहे आणि घरोघरी तसे करतात. अतिशय औपचारिक मेजवानीत ते टाळतात, पण आईंनी ताटली पुसून खाल्ली तर स्वयंपाक करणारा खूशच होईल.

वाटून खाण्याविषयी मात्र थोडे जपून. आँत्रे दोघांत एक मागवणे रूढ आहे आणि वेटरला सांगितले तर तो दुसरी ताटली आणून देतो. मुख्य पदार्थ ज्याचा त्याने घ्यावा, कारण ताटलीतले प्रमाण एका माणसाच्या हिशेबाने बेतलेले असते. आणि बाबांना मधुमेह असल्यामुळे एक गोष्ट महत्त्वाची : दोन पदार्थांमध्ये वीस-पंचवीस मिनिटे जाणे तिथे उशीर मानला जात नाही. टेबल सव्वासातचे घ्या आणि बसल्याबरोबर पाव मागवा.


नारायणपेठी :

बिलाविषयी कोणीच बोलत नाही म्हणून मी लिहितो. माझा व्यवसाय हिशेबाचा आहे, जिभेचा नाही.

सेवा शुल्क हा सरकारी कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यांनुसार रेस्तराँना ते बिलात आपोआप लावता येत नाही. दुसऱ्या कोणत्याही नावाने घेता येत नाही, आणि ते देणे ऐच्छिक आहे हे ग्राहकाला सांगावे लागते. रेस्तराँचालकांच्या संघटना याविरुद्ध न्यायालयात गेल्या होत्या, परंतु दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना योग्य ठरवल्या. तेव्हा मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरात छापले म्हणून ते बंधनकारक होत नाही. काढून टाकावे असे शांतपणे सांगावे, आणि ऐकले नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. फ्रान्सचे उदाहरण देऊन कोणी समजूत घालू लागला तर लक्षात ठेवा, तिथे सेवेचा आकार पदार्थाच्या छापील किमतीतच धरलेला असतो, वरून लावत नाहीत.

जीएसटीचे तसे नाही, तो द्यावाच लागतो. स्वतंत्र रेस्तराँत तो ५ टक्के असतो. ज्या हॉटेलात खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर आहे अशा हॉटेलातल्या रेस्तराँत तो १८ टक्के होतो. म्हणजे तोच कांदा, तेच सूप, पण वर खोल्या आहेत की नाहीत यावर कर ठरतो. दारूवर जीएसटी नसून राज्याचा व्हॅट लागतो आणि त्याची ओळ बिलात वेगळी येते. बसल्याबसल्या वेटर पाण्याची बाटली उघडू लागला तर साधे पाणी आणा म्हणावे. तेवढ्यानेही चार माणसांच्या बिलात फरक पडतो.

हे सगळे करून वाचलेले पैसे टेबलावर वेटरसाठी रोख ठेवावेत, असे माझे वैयक्तिक मत आहे. सेवा शुल्क त्याच्यापर्यंत पोहोचेलच याची खात्री आपल्याला नसते.


मुळाकाठ :

मला मात्र हा सगळा खटाटोप पटत नाही. ज्या जेवणाआधी चौकशीचा फोन करायचा, शब्दांचे उच्चार शिकायचे आणि कायद्याचे कलम पाठ करायचे, ते जेवण आनंदासाठी आहे की परीक्षेसाठी? शिवाय पुण्यात मिळणारे फ्रेंच जेवण अस्सल असते का, हाही प्रश्न आहेच. जाहिरातीत मिशेलिनचे, म्हणजे उत्तम रेस्तराँना तारे देणाऱ्या मार्गदर्शिकेचे, नाव घेतात, आणि भारतासाठी मिशेलिनची मार्गदर्शिकाच निघत नाही, मग तारे येणार कुठून?


मुदपाक :

मुळाकाठ, मिशेलिनबद्दल आपले म्हणणे रास्त आहे. टायर विकणाऱ्या कंपनीने मोटारीने फिरणाऱ्यांसाठी १९०० साली ती पुस्तिका काढली आणि तारे द्यायला १९२६ मध्ये सुरुवात केली. भारतातल्या कोणत्याही रेस्तराँला तारा नाही. एखाद्या शेफने परदेशात तारा मिळालेल्या स्वयंपाकघरात काम केलेले असते आणि जाहिरातीत त्याचे सोयीस्कर रूप होते.

अस्सलपणाचे मात्र मी वेगळे सांगेन. काही पदार्थ इथे मिळणारच नाहीत. फ्वा ग्रा, म्हणजे बदकाला किंवा हंसाला बळेच खायला घालून वाढवलेले यकृत, त्याच्या आयातीवर २०१४ पासून भारतात बंदी आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथे स्टेक म्हणून येते ते म्हशीचे किंवा रेड्याचे मांस असते आणि वाइनमध्ये शिजवलेला बुर्गिन्यों रस्सा पुष्कळदा मटणाचा करतात. आयात चीज महाग पडते आणि मुंबईसारखी रोजची उलाढाल नसेल तर पडून राहते. पण मुंबईच्या मोठ्या हॉटेलातला मेन्यू जसाच्या तसा उचलणाऱ्यापेक्षा हिवाळ्यात महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे तार्त (मैद्याच्या भाजलेल्या पारीवर फळे घातलेला गोड पदार्थ) करणारा शेफ मला अधिक फ्रेंच वाटतो, कारण जवळच्या बाजारात जे चांगले आले आहे ते शिजवणे हा त्यांचाही जुना रिवाज आहे. लहान शहरातल्या रेस्तराँत मेन्यू छोटा असेल तर मला बरे वाटते. चाळीस पदार्थांची यादी दिसली की फ्रीझर मोठा आहे असे समजावे.


चाफेकळी :

सर्वांचे मनापासून आभार. मुदपाक, एक शंका आहे. थेट शेफशी बोलायचे आहे असे फोनवर सांगणे उद्धटपणाचे वाटणार नाही ना? आईने हे ऐकल्यापासून एकच धोशा लावला आहे की माझ्या एकटीसाठी कोणाला त्रास देऊ नका, मी पाव आणि सॅलड खाईन.


मुदपाक :

अजिबात वाटणार नाही. आयत्या वेळी ताटली परत येण्यापेक्षा आदल्या दिवशी फोन आलेला कोणत्याही शेफला परवडतो. आईंना सांगा की सॅलडवरच्या ड्रेसिंगमध्येही अंडे असू शकते, म्हणजे त्यांचा तो मार्गही बंद होईल.


चाफेकळी :

जाऊन आलो. ज्यांनी एवढे लिहून मदत केली त्यांना वृत्तान्त सांगितलाच पाहिजे.

आदल्या दिवशी सव्वाचारला फोन केला. उचलणाऱ्याने माझी चार नावांची यादी निम्मी ऐकून फोन शेफकडे दिला. शेफने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि उलट मलाच विचारले, की कांदा-लसूण चालतो ना? चालतो म्हटल्यावर त्याने कांद्याचे सूप भाज्यांच्या स्टॉकमध्ये करण्याचे, वर भारतीय चीज घालण्याचे आणि गोडात सफरचंदाचे तार्त तातँ अंड्याशिवाय करण्याचे कबूल केले. आम्यूझ-बूशबद्दल मी सांगितले तेव्हा तो थोडा हसला. बहुधा एवढी तयारी करून आलेले गिऱ्हाईक त्याला नवीन असावे.

सव्वासातला पोहोचलो तेव्हा आत आमच्याशिवाय एकच टेबल भरलेले होते. आईने लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची पैठणी नेसली होती आणि मांडलेले काटे-चमचे पाहून पदर घट्ट लपेटून बसली होती. बाबांनी मेन्यू हातात घेतला, चष्मा सारखा केला आणि वेटरकडे पाहून अगदी नीट, नाकातून, सूप आ लोन्यों असे म्हटले. वेटर बारामतीकडचा निघाला. तो वहीत लिहीत म्हणाला, कांद्याचे सूप ना काका, दोन आणू का? बाबांचा चेहरा क्षणभर उतरला, पण आईला जे हसू आले त्यानंतर तिचा पदर सैल झाला आणि पुढचे सगळे जेवण सोपे गेले.

सूप खरोखर चांगले होते. कांदा इतका वेळ परतलेला होता की त्याचा रंग गुळाच्या काकवीसारखा झाला होता, आणि वरचा पाव खाली भिजून मऊ व वर चीजने कडक अशा दोन्ही अवस्थांत होता. आईने ते संपवले. रातातुईचा पहिला घास घेऊन तिने सांगितले की भाजी छान आहे, फक्त फोडणी द्यायची राहिली आहे. ग्रातँ मात्र तिला मनापासून आवडले आणि क्रियापद यांनी सांगितलेले सोसे हे क्रियापद बाबांनी मोठ्याने जाहीर केल्यावर तिने त्याची बशी पावाने पुसून घेतली. माझा मासा लिंबू आणि लोण्याच्या सॉसमध्ये होता, तो थोडा जास्त शिजला होता. नवऱ्याच्या कोंबडीविषयी त्याने काही तक्रार केली नाही, यावरून काय समजायचे ते समजावे.

एक गोष्ट बिनसली. सुपानंतर मुख्य पदार्थ यायला चाळीस मिनिटे लागली. दरम्यान बाबा गप्प होऊ लागले आणि मला त्यांचे गप्प होणे ओळखता येते. पाव होता म्हणून निभावले. त्यांना दोन तुकडे लोण्याशिवाय खायला लावले आणि आतमध्ये निरोप पाठवला. मी मधुमेहाचे फोनवर सांगितलेच नव्हते, आईच्या चार गोष्टींतच अडकले होते. असे कोणाला न्यायचे असेल तर वेळेचेही आधीच सांगून ठेवावे.

आता बिल. वाइन घेतली नाही, साधे पाणी मागितले. पदार्थांचे ८,६०० रुपये झाले, त्यावर ८६० सेवा शुल्क आणि दोन्हींच्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी धरून ९,९३३ रुपयांचे बिल आले. सेवा शुल्क काढावे असे नवऱ्याने म्हटले तेव्हा व्यवस्थापकाने एक क्षण थांबून काही न बोलता नवे बिल आणले, ते ९,०३० रुपयांचे. नारायणपेठी यांच्या सल्ल्याप्रमाणे बारामतीच्या मुलाला पाचशे रुपये रोख दिले.

कुकर लावावा लागला नाही. पोट चांगले भरले होते. तरीही रात्री अकराच्या सुमारास स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून गेले तर आई उभ्याउभ्याच वाटीत सकाळचा चार घास भात घेऊन त्यावर ताक ओतत होती.


क्रियापद :

बाबांना माझा नमस्कार सांगावा. उच्चार अचूक होता, उत्तर मराठीत आले हा त्यांचा दोष नाही.


चाफेकळी :

सांगितला. ते आता शब्दकोश शोधत आहेत.

मुदपाक, शेवटचा त्रास. आईने परवा घरी ग्रातँ करून पाहिले, पण बटाटे वेगळे आणि दूध वेगळे असे पाणचट झाले. दूध-साय समप्रमाणात होती, ओव्हनही नीट तापलेला होता. काय चुकले असेल?


मुदपाक :

आईंनी चकत्या कापून पाण्यात टाकल्या होत्या का? काळ्या पडू नयेत म्हणून आपण भाजीचा बटाटा पाण्यात टाकतो, पण इथे त्या धुवायच्याही नाहीत. बटाट्यावरचा तो चिकट स्टार्चच दूध-साय घट्ट करतो, आणि तोच पाण्याबरोबर मोरीत गेला असणार. कापल्याबरोबर चकत्या थेट दूध-सायीत टाकाव्यात, मीठ, मिरपूड आणि किंचित जायफळ घालून गॅसवर चार-पाच मिनिटे हलवत तापवावे, दूध दाटसर दिसू लागले की लसूण चोळलेल्या भांड्यात ओतावे आणि १६० अंशांवर तासभर तरी ठेवावे.


चाफेकळी :

टाकल्या होत्या. दोनदा पाणी बदलून. आज संध्याकाळी पुन्हा करणार आहे, आणि या वेळी चकत्या कापायला बाबांना बसवले आहे.